मास्तरांच्या वेगाची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, मित्रांनो, रस्त्यावरची. जिच्याकडे तुम्ही येता-जाता बघता, पण वाचत नाही, आणि पकडले गेलात की "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता, त्या जातीची. आता तुम्ही म्हणाल, पाटीला कसलं आलंय आयुष्य? एका जागी उभं राहायचं आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

माझा जन्म दवाखान्याच्या मागे झाला. दवाखान्याच्या फाटकासाठी जाड पत्रा आणला होता, त्यातला एक तुकडा उरला. लोहाराने त्याचे कोपरे गोल केले आणि चार भोकं पाडायला घेतली. तीन भोकं अगदी जागच्या जागी पडली. चौथ्याच्या वेळी त्याला शिंक आली. त्यामुळे मी जन्मभर जराशी उजवीकडे कलती राहिले. काही लोक म्हणायचे, पाटी वाकडी बसलीय. वाकडी नाही हो, ती शिंक आहे.

मला अक्षरं दिली ती पेंटरने. रस्ते कार्यालयाच्या सगळ्या पाट्या तोच रंगवायचा. त्याचं अक्षर असं, की "मनाई" वाचतानाही माणसाला प्रसन्न वाटावं. त्याच्या दोन खोडी मात्र सांगितल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे तो जुना रंग कधी खरवडायचा नाही. आपणच काढलेली अक्षरं आपल्याच हातांनी कशी खरवडायची, असं त्याला वाटे. मग नवा नियम आला की जुन्यावर पांढरा हात मारायचा आणि वर नवा लिहायचा. दुसरी खोड म्हणजे कागदावर असेल तेवढं आणि तसंच लिहायचं, काना-मात्रा इकडची तिकडे करायची नाही. एकदा तिथल्या साहेबांनी तलावाच्या पाटीचा मजकूर पाठवला आणि खाली घाईत काहीतरी खरडलं. पेंटरने इमानदारीत सगळं रंगवलं, "पाणी खोल आहे. चहा झाल्यावर बोलू." त्या पाटीपाशी म्हणे दोन-तीन माणसं बराच वेळ थांबून होती.

मला कालव्याकाठच्या वाटेच्या तोंडाशी उभं केलं. अंगावर एकच ओळ, "या वाटेवर वाहनांना मनाई आहे." ही वाट दवाखान्यापासून निघते आणि कालव्याच्या टोकाला असलेल्या वस्तीत जाते. वाट सपाट, मध्ये एक छोटा चढउताराचा पूल, दोन्ही बाजूंना झाडं, पाण्यात बदकं. माझे ते दिवस फार सुखाचे होते. कोणी वाहन आणायचं नाही (साधी सायकल कोणी वाहनात धरत नसे), त्यामुळे मला काही कामच नव्हतं, आणि तरी सगळे म्हणायचे की पाटीमुळे किती शांतता आहे बघा.

या वाटेवर रोज सकाळी मास्तर फिरायला यायचे. निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, वस्तीच्या अगदी शेवटच्या घरात एकटे राहायचे. पाठ ताठ, हातात काठी, डोक्यावर टोपी. चालायचे ते वाटेच्या बरोबर मधून, जणू ती कोणी त्यांच्या नावावर करून दिली होती. आपण फार झपाझप चालतो असा त्यांचा समज होता. बदकं त्यांच्या पुढे जायची, पण ती पाण्यातून जात असल्यामुळे मास्तर ते धरत नसत.

आणि याच वाटेने जायची ताई. ताई म्हणजे पेंटरची धाकटी बहीण, दवाखान्यातली नर्स. वस्तीत नऊ घरं अशी होती, की तिथली म्हातारी, आजारी माणसं दवाखान्यापर्यंत येऊच शकत नव्हती. कोणाची जखम धुऊन पट्टी बांधायची, कोणाला जेवणाआधी इंजेक्शन द्यायचं. नऊच्या नऊ घरं दुपारच्या आत झालीच पाहिजेत, असं ते काम. सायकल मारून मारून ताईचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने विजेवर चालणारी सायकल घेतली. पेंटरने ती उरलेल्या भोपळी रंगाने रंगवून दिली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळी उलथापालथ त्या भोपळी सायकलने केली.

ती सायकल मुळीच आवाज करायची नाही, हाच तिचा गुन्हा. एका सकाळी ताई मास्तरांच्या मागून आली आणि बाजूने सरकन पुढे गेली. मास्तर असे दचकले, की त्यांची टोपी उडाली ती थेट कालव्यात. ताई थांबली, मनापासून माफी मागितली, काठीने टोपी ओढायलाही बघितली. पण टोपी गेली ती गेलीच. मास्तरांनी घरी जाऊन चार पानी तक्रार लिहिली. सोबत आकृती जोडली, त्यात स्वतःला 'अ', सायकलला 'ब' आणि टोपीला 'क' अशी नावं दिली.

तक्रार गेली रस्ते कार्यालयातल्या साहेबांकडे. साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांनी कालवा नकाशातच पाहिला होता. त्यात अडचण अशी की लहानपणी ते याच मास्तरांच्या वर्गात होते आणि गणितात दोनदा नापास झाले होते. मास्तरांचं अक्षर पाहिलं, की अजूनही ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. त्यांनी त्याच दिवशी नियम काढला. पेंटर आला, माझ्यावर पांढरा हात मारला आणि लिहिलं, "विजेच्या सायकलींना मनाई आहे."

ताई कार्यालयात जाऊन भांडली. साहेबांना तिचंही पटलं. त्यांना सगळ्यांचंच पटायचं. मग नियम झाला, की मोटर बंद असेल तर विजेची सायकल चालेल. पण मोटर बंद आहे हे कळणार कसं? ती सुरू असली तरी आवाज करत नव्हती. त्यासाठी माझ्याशेजारी एक पहारेकरी नेमला. बिचारा प्रत्येक सायकलच्या चाकाला कान लावून बसायचा. त्याचा कान दोनदा चिमटला, तेव्हा नियम पुन्हा बदलला. आता म्हणे पायडल फिरत असलं की झालं. लगेच लोक मोटरवर निवांत बसून पायडल उलटं फिरवायला लागले. पहारेकऱ्याने कपाळावर हात मारला. माझ्या अंगावर रंगाचा आणखी एक थर चढला, पुन्हा सरसकट मनाईचा.

तुम्ही विचाराल, ताईने मोठ्या रस्त्याने का जाऊ नये? तिथे माझी थोरली बहीण उभी होती ना. तिच्यावर लिहिलं होतं, की मोठ्या रस्त्यावर भरधाव गाड्या असतात, म्हणून तिथे विजेच्या सायकलींना मनाई आहे. आम्हा दोघींच्या मध्ये एका चादरीएवढी जागा होती. तिथे विजेच्या सायकलीला पूर्ण मोकळीक होती. एका सकाळी ताई त्या जागेत सायकल धरून उभी राहिली आणि तिने पहारेकऱ्याला शांतपणे विचारलं, "मग मी जायचं कुठून?"

त्याने मोठ्या रस्त्याकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, मग मान वर करून आभाळाकडे पाहिलं. म्हणाला, "ताई, वरच्या बाजूचं अजून काही लिहून आलेलं नाही."

शेवटी साहेबांना तोडगा सुचला. विजेची सायकल चालत्या माणसाच्या वेगाने नेली, तर कोणाला त्रास होणार नाही. कल्पना चांगली होती. पण कोणत्या माणसाच्या? पहारेकरी चालायचा तुरुतुरु, मास्तरांच्या शेजारचा माळी चालायचा रेंगाळत. साहेबांनी विचार केला, की ज्याची तक्रार त्याचंच माप धरावं, म्हणजे पुन्हा तक्रार नको. आणि मग पेंटरने माझ्यावर तो नियम लिहिला, ज्याने मी गावभर गाजले. "या वाटेवर विजेची सायकल मास्तरांच्या वेगापेक्षा जास्त वेगाने नेऊ नये. तिसऱ्यांदा नियम मोडल्यास सायकल जप्त होईल."

ताई तिथेच उभी होती. तिने दोनदा वाचलं. मग भावाकडे बघून म्हणाली, "अक्षर मात्र छान आलंय, दादा."

पेंटरने ब्रश धुतला, डबा बंद केला आणि निघून गेला. त्याला ते लागलं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून जी मिरवणूक सुरू झाली ती काय सांगू! पुढे मास्तर, मागे पाव विकणारा, त्याच्या मागे शिडी घेतलेला वायरमन, त्याच्या मागे ताई. सगळ्यांच्या सायकली विजेच्या आणि वेग मास्तरांचा. आता तुम्हीच सांगा, इतक्या हळू सायकल तोलता येते का? पाववाला रोज एकदा झुडपात पडायचा. वायरमनची शिडी वळणावर फांदीत अडकायची. मास्तर मात्र खुशीत होते. आपल्यामागे फौज चालली आहे असं वाटून त्यांची पाठ आणखी ताठ झाली.

पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या बुटाची नाडी सुटली. ते वाकले, तशी मागची सगळी फौज खोळंबली. नाडी बांधताना माणसाकडे इतकी माणसं एकटक बघायला लागली, की गाठ बसत नाही. ताईला एका घरी इंजेक्शन द्यायचं होतं, तिने घाईत बाजूने सायकल काढली. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली आणि पहिली ताकीद दिली. पुढच्या दिवशी पुलाच्या उतारावर सायकल आपसूक घरंगळली आणि मास्तरांच्या हातभर पुढे गेली. ती दुसरी ताकीद. आता आणखी एक चूक, की सायकल गेली. आणि सायकल गेली की नऊ घरं दुपारच्या आत होणं शक्यच नव्हतं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने मास्तरांना हात जोडले. म्हणाली, "मास्तर, तेवढा जरा पाय उचला. लोक उपाशी बसलेत इंजेक्शनसाठी."

पाय उचला! आयुष्यभर झपाझप चालणाऱ्या माणसाला! मास्तरांना हा शब्द फार झोंबला. दुसऱ्या सकाळी ते असे सुटले, की काठी एकीकडे आणि पाय दुसरीकडे. पाववाला पहिल्यांदाच न पडता वाटेच्या मध्यापर्यंत गेला. आणि तिथेच झाडाच्या मुळाला अडखळून मास्तर पडले. नडगी चांगलीच फाटली. त्यांना साखरेचा आजार, त्यामुळे डॉक्टरांनी बजावलं, की तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही आणि पट्टी रोज दुपारच्या आत बदललीच पाहिजे. जखम चिघळली तर पायावर बेतेल. ताईच्या यादीत दहावं घर आलं.

दुसऱ्या सकाळी ताई पिशवी लावून निघाली, तर पहारेकरी आडवा उभा. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. तो म्हणाला, "ताई, मास्तर झोपून आहेत. म्हणजे मास्तरांचा वेग आज शून्य. तुम्हाला जागचं हलता येणार नाही."

ताई खाली उतरली आणि सायकल हातात धरून ढकलत निघाली. पहारेकरी तिच्यामागे धावत म्हणाला, की हातात धरली तरी सायकल पुढेच चालली आहे. नियम सायकलीला आहे, तुम्हाला नाही. मित्रांनो, मी हे सगळं अंगावर लिहून उभी होते आणि मला लाजेने लाल व्हावंसं वाटत होतं, पण माझ्यावर पेंटरने निळा रंग वापरला होता. ताईने सायकल थांबवली नाही. शिट्टी वाजली. ती तिसरी वेळ.

भोपळी सायकल जप्त झाली. ठेवायला कार्यालयात जागा नव्हती, म्हणून तिला साखळीने माझ्याच खांबाला बांधलं. मला आयुष्यात पहिल्यांदा सोबत मिळाली, ती अशी. पहारेकरी रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायचा आणि उन्हात तिच्यावर पोतं टाकायचा. ताई चालत जायची, कारण साधी सायकल मारणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. जाताना आमच्याकडे बघायची नाही.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. ताईने ते नंतर माझ्यासमोर पेंटरला सांगितलं, म्हणून मला माहीत. मास्तरांचं घर वस्तीच्या शेवटी, त्यामुळे ताई तिथे पोहोचायची तेव्हा दुपार कलायची. चौथ्या दिवशी मास्तर चिडले. काल दीडला, आज दोनला, वेळेचं काही भान आहे का, असं त्यांनी विचारलं. ताई पट्टी सोडत होती. जखम ओली होती, वास येऊ लागला होता. ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर, माझी सायकल तुमच्या वेगाने चालते. आणि तुम्ही झोपून आहात."

"म्हणजे मी उठेपर्यंत..."

"हो. सायकल नाही म्हणून मला उशीर होतो. उशीर होतो म्हणून जखम सुकत नाही. जखम सुकत नाही म्हणून तुम्ही उठत नाही."

मास्तर गणिताचे होते. त्यांना सगळं वर्तुळ एकदम दिसलं. मग त्यांनी विचारलं, की एकूण घरं किती? दहा. आज किती झाली? तुमच्यासकट पाच, तुमची जखम बिघडायला नको म्हणून मधली सोडून आले. "आणि उरलेली?" ताई म्हणाली, "ती माझी वाट बघतायत, मास्तर." एवढं बोलून तिने पट्टीची गाठ मारली आणि पिशवी उचलली.

मास्तरांनी त्या संध्याकाळी साहेबांना चिठ्ठी धाडली. या वेळी चार पानं नाहीत, आकृती नाही. एकच ओळ, "उद्या सकाळी सातला पाटीपाशी हजर राहा."

साहेब पावणेसातलाच हजर. नकाशातला कालवा त्यांनी पहिल्यांदा ओला पाहिला. पेंटरही डबा घेऊन आलेला होता, कारण साहेबांनी नवा कागद काढला होता. मास्तर बरे होईपर्यंत ही वाट सर्वांसाठी बंद. पेंटरने तो कागद वाचला. ब्रश हातात घेतला. आणि मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. ब्रश परत पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हे मी नाही लिहिणार. तुमच्या हाताने लिहा." साहेबांनी डब्याकडे पाहिलं. त्यांचं अक्षर कसं होतं ते त्यांनाच माहीत होतं.

तेवढ्यात मास्तर आले. शेजारच्या माळ्याच्या हातगाडीत बसून, पाय उशीवर लांब करून, हातात काठी उभी धरून. हातगाडीला वीज नव्हती, त्यामुळे तिला कुठलाच नियम लागू नव्हता. ताई दवाखान्यातून धावत आली आणि त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, की डॉक्टरांनी उठू नका सांगितलंय ना? मास्तर म्हणाले, मी कुठे उठलोय, मी बसलोय.

मग त्यांनी पहारेकऱ्याला माझ्यावरचा नियम मोठ्याने वाचायला लावला. त्याने वाचला. मास्तरांनी साहेबांना विचारलं, "सायकल माझ्यापेक्षा वेगाने जाता कामा नये. एवढंच ना?" साहेब वर्गात उभे असल्यासारखे म्हणाले, "हो, मास्तर." मास्तरांनी काठी साखळीकडे रोखली. साहेबांनी ताईकडे पाहिलं, तिच्या पिशवीकडे पाहिलं, आणि स्वतः किल्ली मागून घेऊन कुलूप काढलं.

माळी आणि पेंटर या दोघांनी मिळून मास्तरांना उचललं आणि भोपळी सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसवलं. मास्तरांनी एका हाताने ताईची पिशवी धरली आणि पाय जपून बाजूला सोडला. म्हणाले, "चला. कालची उरलेली पाच आधी."

ताईने मोटर सुरू केली. पहारेकरी शेजारून धावत निघाला. एकदा सायकलकडे बघायचा, एकदा मास्तरांकडे. थोडं पुढे जाऊन तो धापा टाकत थांबला आणि वळून ओरडला, "साहेब! दोघांचा वेग अगदी सारखा आहे! नियमात बसतंय!"

पेंटर हसता हसता माझ्या खांबाला टेकला. त्याचे डोळे मात्र ओले होते.

तीन आठवडे मास्तर रोज कॅरियरवर बसून दहा घरं फिरले. दहावं त्यांचंच. स्वतःची पट्टी ते सर्वांत शेवटी करून घ्यायचे, तरी दुपारच्या आत. इतकी वर्षं त्या वस्तीत राहून ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांच्याशी गप्पा मारायला लागले. जखम सुकली. मग त्यांनी साहेबांना धरून आणलं आणि कालव्याची सगळी वाट एकदा चालत, एकदा विजेच्या सायकलवर बसून करायला लावली. चालताना साहेब दोनदा दचकले आणि सायकलवर असताना त्यांनी एका बदकाला दचकवलं. त्यानंतर जो नियम आला तो दोन ओळींचा होता. मागून येताना घंटी वाजवा. माणूस दिसला की वेग कमी करा.

पण तो नियम माझ्या नशिबी नव्हता. इतके थर चढून माझ्या अंगाला तडे गेले होते, म्हणून नवी पाटी आणली. सरळ, चारही भोकं जागच्या जागी. मला काढून कार्यालयामागच्या खोपटात टाकलं. माझ्यावर कोणी रिकामे डबे ठेवले, कोणी ओले बूट. जिचा गावभर दरारा होता, तिच्यावर ओले बूट! मी फार रडले असते, पण मला गंज चढला असता.

मग एक दिवस पेंटर आला. त्याने मला मांडीवर घेतलं आणि खरवडायला सुरुवात केली. जन्मात कधी न खरवडणारा माणूस, पण हात थांबला नाही. मास्तरांचा वेग गळून पडला, त्याखालून मनाई निघाली, त्याखालून पायडल, त्याखालून मोटर, त्याखालून पुन्हा मनाई. सगळे नियम पापुद्रे होऊन जमिनीवर पडले आणि मी पुन्हा नुसता पत्रा झाले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्याने मला कापलं, कडा गोल केल्या, वर जाड गादी शिवून घेतली आणि मला भोपळी सायकलच्या कॅरियरवर ठोकून बसवलं. मास्तरांना त्या उघड्या सळ्या टोचत होत्या, हे त्याने इतके दिवस लक्षात ठेवलं होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या पाट्या दिसल्या तर थांबून वाचत जा. आमच्यावर चिखल उडवू नका, आम्हाला दगड मारू नका. आणि तुमच्यातलं कोणी मोठं होऊन आमच्यावर काही लिहायला निघालंच, तर आधी त्या वाटेने एकदा स्वतः जाऊन या. एवढं एकच मागणं आहे.

मास्तरांचा पाय आता ठणठणीत आहे. तरी रोज सकाळी ते चालत दवाखान्यापर्यंत येतात, ताईची पिशवी घेतात आणि माझ्यावर बसतात. आयुष्यभर ज्या वाटेवर मी लोकांना अडवलं, त्या वाटेने आता मीच वारा खात जाते. पुढे माणूस दिसला की ताई घंटी वाजवते. सायकल चांगली जोरात पळते, बदकांनाही मागे टाकते. पण जुना नियम मी अजून पाळते बरं का. आम्ही आजवर एकदाही मास्तरांच्या पुढे गेलेलो नाही.